उजव्या कानातला पियानो

"माझी आई चोर नव्हती," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली.

अंगात परिचारिकेचा निळा गणवेश, कडेवर सात महिन्यांची लेक. भाऊजींनी घाईघाईनं खुर्चीवरच्या फायली उचलल्या. वहिनींच्या तपास-कचेरीत या दिराचं काम तेवढंच होतं: फायली उचलायच्या, गाडी चालवायची, आणि वहिनींना केव्हाच कळलेलं असायचं ते सगळ्यात शेवटी समजून घ्यायचं.

"चोर कोण म्हणतं?" वहिनींनी विचारलं.

"टोपीवाले. जुन्या रेकॉर्ड विकतात ते."

तिची आई महिन्यापूर्वी गेली. मागे राहिली एक कॅसेट. एका रॉक गायिकेनं बँड सोडून स्वतःच्या एकटीच्या नावावर दौरा काढला होता. त्यातला शेवटचा कार्यक्रम कुणीतरी गर्दीतून चोरून ध्वनिमुद्रित केलेला. तिच्या रेकॉर्ड कंपनीनं तो दौरा दाबून टाकला, त्यामुळे दुसरी प्रत कुठं नाही. फीत झिजत चालली म्हणून नक्कल करायला तिनं ती टोपीवाल्यांकडे दिली. त्यांनी नक्कल दिली आणि मूळ कॅसेट ठेवून घेतली.

"म्हणे माझीच आहे, त्या दिवशी चोरीला गेलेली. लेबलावर त्यांचं अक्षर आहे, ते मीही नाकारत नाही. पण रविवारी दुकानात लोक बोलावून ती ऐकवणार आहेत, आणि चोर कोण तेही जाहीर करणार आहेत."

"आई काय सांगायच्या?"

"‘मी तिला पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं.’ शेजारीपाजारी सगळ्यांना हेच. आता टोपीवाले म्हणतात, बघा, ही बाई तिथं गेलीच नव्हती."

"नोकरी कुठं होती?"

"कुठं नव्हती ते विचारा. बेकरी, धोबीखाना, सभागृहांच्या दारावर पहारा. मी त्या दौऱ्याच्याच वर्षी जन्मले. काम जाईल म्हणून पाच महिने पोट लपवलं होतं तिनं, ढगळ कोट घालून."

बाळ किरकिरलं. तिनं फोनवर ती नक्कल लावली, आणि बाळ लगेच गप्प झालं. "मीही हेच ऐकत झोपायचे," ती म्हणाली.

ती नक्कल ठेवून गेल्यावर भाऊजींनी हेडफोन लावून ती ऐकली. "वहिनी, पियानो उजव्या कानात वाजतोय."

"उलटे घातले असतील. पियानो सहसा डावीकडे ठेवतात."

भाऊजींनी काढून पाहिले. सुलटेच होते. "आणि मधूनच कुणीतरी अगदी कानाशी पाणी मागतंय."

"बिनपाण्याचं गाणं ऐकवत नाही वाटतं कुणाला," वहिनी म्हणाल्या, पण वहीत काहीतरी लिहिलं.

टोपीवाल्यांचं दुकान म्हणजे बोळकांडंच. जागा नाही म्हणून दोन्ही स्पीकर एकावर एक रचलेले. भिंतभर कॅसेटी, प्रत्येकीवर तारीख, सभागृह आणि खाली बारीक अक्षरात गाण्यांची यादी.

"तिसऱ्या रांगेत उभा होतो मी," टोपीवाले म्हणाले. "दोन खांद्यांवर दोन माइक. हे बघा." त्यांनी इवलेसे दोन चिमटे दाखवले. एकावर ‘उ’, दुसऱ्यावर ‘डा’. "माझी पद्धतच आहे. आयुष्यात कधी उजवं-डावं चुकलो नाही."

"दारावर झडती नव्हती?"

"होती की. टोपीत लपवलं सगळं."

वहिनींनी ती कॅसेट हातात घेतली. लेबलावर तारीख होती, सभागृहाचं नाव होतं. खाली काही नव्हतं. भाऊजींना वाटलं, शाई उडाली असेल.

त्या दौऱ्याचे ध्वनितंत्रज्ञ आता म्हातारे झाले होते आणि रेडिओ दुरुस्त करत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"पियानो? लोकांच्या डाव्या हाताला. कायम," मास्तर म्हणाले. "तिथून गायिकेला, ‘थांब, आत ये’ म्हणून पडद्याआडून बोलावणारी माणसं दिसायची. कंपनीची. त्यांच्याकडे बघून मुद्दाम मोठ्यानं गायची."

"झडती कडक होती?"

"टोपलीभर यंत्रं काढून घेतली दारावर. कार्यक्रम संपल्यावर परत दिली. माणसंच कमी होती हो. दारावरचे पहारेकरीच नंतर मंचापुढच्या कठड्याशी उभे केले. गर्दी आवरायला, चेंगरणाऱ्यांना पाणी द्यायला."

परतताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक कोरी कॅसेट मिळते का बघा."

"आपल्याला काय भरायचंय त्यात?"

"काही नाही. म्हणून तर कोरी."

रविवारी दुकानात चाळीसेक माणसं कोंबून बसली होती. टोपीवाल्यांनी घसा खाकरला, तोच वहिनी उठल्या.

"आधी एक करू. ते स्पीकर खाली उतरवा. एक डावीकडे, एक उजवीकडे."

लोकांनी हातोहात उतरवले. गाणं सुरू झालं. पियानो उजवीकडून आला.

मास्तर मागून म्हणाले, "उलट आहे हे."

"उलटच आहे," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या डाव्या कानात पियानो हवा. एकावर एक स्पीकर ठेवून ऐकणाऱ्याला हे कळलंच नाही. माइक चुकीच्या खांद्यांवर लागले म्हणाल, तर त्यावर ‘उ’ आणि ‘डा’ लिहिलंय, आणि हे आयुष्यात चुकलेले नाहीत. मग उरतं एकच. ध्वनिमुद्रण करणारं माणूस मंचाकडे पाठ करून उभं होतं."

"पैसे देऊन पाठ कोण करेल?" कुणीतरी विचारलं.

"ज्याला त्याचाच पगार आहे. पहारेकरी. लोक त्याच्याकडे तोंड करून पाणी मागतात. आणि झडती घेणाऱ्याची झडती कोण घेतो?" वहिनी टोपीवाल्यांकडे वळल्या. "तुमचं यंत्र टोपीतून निघालं आणि टोपलीत गेलं. टोपलीतून ते हिच्या आईनं उचललं, माइकसकट. लेबल तुम्ही घरूनच लिहून नेलं होतं. पण गाण्यांची यादी ऐकल्यावर लिहितात, आणि तुम्हाला ध्वनिमुद्रण ऐकायला मिळालंच नाही. यंत्र परत आलं, त्यात कॅसेट नव्हती."

टोपीवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाहेर पायरीवर बसून राहिलो दोन तास," ते हळूच म्हणाले. मग मान वर करून, "पण कॅसेट माझीच ना? आणि नोकरीवर असताना नियम मोडला तिनं."

आता ती परिचारिका उठली. बाळ भाऊजींच्या हातात दिलं. भाऊजी हेही काम करत असत.

"मोडला," ती म्हणाली. "कंपनीला ते गाणं मारायचं होतं, माझ्या आईनं ते कोटाखाली लपवून घरी आणलं. नोकरी जाईल हे माहीत असून. मी नाही लाजणार त्याची. लेबलावर तिचं नाव लिहा, आणि खाली नियम मोडला असंही लिहा."

मग तिनं पिशवीतून कोरी कॅसेट काढली आणि टोपीवाल्यांसमोर ठेवली.

"ही तुमची. जशी तिनं घेतली होती तशीच."

मग टोपीवाल्यांनी यंत्रातून मूळ कॅसेट काढली, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "आईचं नाव कसं लिहू?"

लिहून झाल्यावर वहिनींनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. ती चाळीस माणसांकडे तोंड करून ताठ उभी राहिली. पियानो उजव्या कानात वाजत होता.

"अगदी अशाच उभ्या होत्या आई," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी बाळाला थोपटता थोपटता थांबले. हेडफोन लावलेल्या तिच्याकडे पाहत त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि पहिल्यांदाच वहिनींच्या आधी बोलले.

"आणि ही पण होती की तिथं. कोटाच्या आत."