ड्रम्सवर कोण आहे?

पाऊस चुकवायला धम्मदीना ऑकलंडच्या के-रोडवरच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरली आणि दारातच थबकली. स्पीकरवर तिचे स्वतःचे ड्रम्स वाजत होते.

"अगं बाई!" ती मोठ्यानेच म्हणाली.

काउंटरमागचा चष्मेवाला तरुण गर्रकन वळला. "मराठी? बसा ना... म्हणजे, उभ्याच राहा. पुढचे वीस सेकंद फक्त ऐका, प्लीज!"

ते वीस सेकंद त्याने डोळे मिटून ऐकले. धम्मदीनाने ते त्याला निवांत न्याहाळण्यात घालवले. भिजलेल्या केसांतलं पाणी मानेवरून ओघळत होतं, तरी तिला हलावंसं वाटेना.

अकरा वर्षांपूर्वी, मेलबर्नला शिकत असताना, एका गॅरेजात चौघांनी मिळून हे गाणं रेकॉर्ड केलं होतं. पुढे बँड मोडला, ती नोकरीसाठी ऑकलंडला आली. विषय संपला, असं ती समजून चालली होती.

"ऑस्ट्रेलियन गॅरेज रॉक आणि पंकचा नवा संग्रह आहे," तो सांगू लागला. त्याचं नाव अमेय. "एकच गाणं करून गायब झालेले बँड शोधून शोधून एकत्र केलेत. मेलबर्नची एक छोटी कंपनी काढते, आतली पुस्तिका मी लिहितो. आठवडाभर आयटी, शनिवारी हे दुकान. आणि हा ड्रमर बघा..."

त्याने पुस्तिका तिच्यापुढे धरली. तीन मुलांची नावं होती. चौथी ओळ होती : 'ड्रम्स – अज्ञात'.

"बाकीचे तिघं म्हणतात, शब्द दिलाय, सांगणार नाही. कोण असेल हा बुवा?"

"बुवा?" धम्मदीनाची भुवई वर गेली.

"एवढं दणकून वाजवतोय, म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... दंड चांगले असतील," अमेय चाचरला आणि कानापर्यंत लाल झाला.

ईस्ट टामाकीच्या कारखान्यात अख्ख्या पाळीला धाकात ठेवणारी ती इंजिनिअर त्या दिवशी 'ती मीच' असं सांगायचं टाळून घरी गेली. कारण तो शब्द तिनेच घेतला होता. तिचे बाबा, दादाराव, नांदेडला भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं. पण लेकीने ढोलकीला हात लावला की म्हणायचे, "तू शीक. वाजवायला मी आहे." मेलबर्नला असताना त्यांना वाटायचं मुलगी लायब्ररीत आहे, आणि मुलगी गॅरेजात. आता आईबाबा ऑकलंडपासून दीड तासावर, रोटोटुनाला राहायला आले होते, तरी ते खोटं तसंच राहिलं होतं.

पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता. तरी ती दुकानात गेली. त्याच्या पुढच्याही.

"तुम्ही... तू रेकॉर्ड तर घेत नाहीस," अमेय कॉफी पुढे सरकवत म्हणाला. "मग येतेस कशाला?"

"कॉफी फुकट आहे ना."

"कॉफी वाईट आहे."

"हीप्स वाईट आहे. प्रचंड," ती म्हणाली आणि कप रिकामा केला. दोघंही हसली. मग उगाचच दोघंही रेकॉर्ड नीट लावू लागली, अगोदरच नीट लावलेल्या.

चौथ्या शनिवारी मात्र अमेयचा चेहरा उतरलेला होता.

"ब्रिस्बेनच्या एकाचा मेल आलाय. म्हणतो, ड्रमर मीच. सोमवारी दुसरी आवृत्ती छापायला जाते. कंपनी म्हणते, त्याचं नाव टाकून मोकळा हो."

"आणि तू टाकणार?"

"पटत नाही गं. गाण्याच्या मध्यात काठ्यांचा आवाज थांबतो आणि काहीतरी वेगळंच घुमतं. ते काय आहे विचारलं, तर उत्तरच देत नाही."

धम्मदीनाची कानशिलं तापली. अकरा वर्षं नाव नव्हतं, ते तिने सोसलं. पण आपल्या हाताचं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर? तिने जॅकेट काढून फेकलं, रिकामं खोकं पुढ्यात ओढलं आणि डाव्या हाताचा तळवा दाबून, घासून, त्यावर तो ठेका धरला. खोकं घुमलं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"काठी मोडली होती," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणून हाताने वाजवलं. ढोलकीसारखं."

अमेय काउंटरला वळसा घालून पुढे आला. "चार शनिवार," तो म्हणाला, "मी तुझ्यासमोर तुझंच कौतुक करतोय?"

"चांगलं करतोस. म्हणून थांबवलं नाही."

"नाव लिहू?"

तिने जॅकेट उचललं. मग म्हणाली, "उद्या रोटोटुनाला येशील माझ्याबरोबर? आधी बाबांना ऐकवायचंय."

रविवारी दुपारी दादारावांनी कोचावर ताठ बसून गाणं ऐकलं. सुरुवातीच्या गोंगाटाला त्यांच्या कपाळावर आठी पडली. मधला ठेका आला आणि त्यांची बोटं आपोआप गुडघ्यावर चालू लागली.

"हा माझा हात आहे," ते म्हणाले. "कुणी वाजवलंय?"

"मी, बाबा. लायब्ररीत नव्हते मी तेव्हा."

धम्मदीनाने मान खाली घातली. दादारावांनी पुस्तिका उचलली, चष्मा सारखा केला, बोट ओळीवर ठेवलं.

"वाजवलंस त्याचा राग नाही. पास झालीस, नोकरीला लागलीस. पण हे काय? अज्ञात?" त्यांनी त्या शब्दावर बोट आपटलं. "आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवलं, नावं कुणी लिहिली नाहीत. आणि तू शिकल्यासवरल्यावर स्वतःच्या हाताने नाव पुसतेस?" ते अमेयकडे वळले. "तुम्ही लिहिता ना? पूर्ण लिहा. माझ्या नावासकट."

"हो काका."

परतीच्या वाटेवर अमेयने गाडी एका डेअरीपाशी, कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानापाशी, थांबवली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि टाइप करून तिच्याकडे वळवला.

'ड्रम्स – धम्मदीना दादाराव सोनकांबळे.'

तिने ते तीनदा वाचलं. डोळे भरून आले, ते पुसायची तिला गरज वाटली नाही. मग खाली आणखी एक ओळ दिसली : 'पुस्तिकेचा लेखक हिच्या प्रेमात आहे. छापावं की नाही, तिने सांगावं.'

"पहिली ओळ छाप," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

"आणि... दुसरी?"

धम्मदीनाने लॅपटॉप मिटला. "ती छापायची नाही. माझ्याकडे बघून, तोंडाने सांगायची."

अमेयने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला... आणि सांगितली.