दुसरी ढेप

तराजू हा माझा रोजचा व्यवहार. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले सगळे तराजू माझ्या ताब्यात असतात. काटा केसभर हलला तरी यांना घास गोड लागत नाही, असं माझी बायको लीला सगळ्यांना सांगत सुटते. म्हणून कुसुमताईंनी त्यांच्या बाल-दवाखान्यातला जुना तराजू तपासायला बोलावलं, तेव्हा मी लगेच चिक्कडपल्लीला गेलो.

संस्थान भारतात विलीन होऊन वर्षही झालं नव्हतं. दवाखाना लोकवर्गणीवर चालायचा आणि लोकांचे हात आखडले होते. मदतीचा ओघ पुन्हा सुरू व्हावा म्हणून ताईंनी एका खोलीत छोटंसं संग्रहालय मांडलं होतं. देवी टोचायच्या सुया, दूध पाजायची बोंडली, वाकड्या पायांना बांधायच्या लाकडी पट्ट्या, वर्गणीचे पत्र्याचे डबे. मधोमध साखळ्यांना टांगलेल्या पितळी पारड्यांचा मोठा तराजू. बरं झालेलं मूल एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ घालायचा आणि तो दवाखान्याला द्यायचा, ही तिथली जुनी रीत. संग्रहालयाचं उद्घाटन आमच्या मुलीच्या, प्रमिलेच्या तुलेने व्हायचं होतं.

त्या थंडीत प्रमिलेला घटसर्प झाला होता. श्वास घेताना तिच्या घशातून जो आवाज यायचा, तो मला अजून ऐकू येतो. मी नवससायासाच्या वाटेला न जाणारा माणूस. पण लीला देवीला तुलेचा नवस बोलली तेव्हा चूप बसलो. पोर वाचली. कुसुमताईंचे उपकार मी कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचे नाहीत.

शेजारच्या खाटेवरची भामा मात्र गेली. अंबरपेठेत भाजी विकणाऱ्या सत्यवतीची मुलगी. पुढचे दोन्ही दात पडलेले, तरी तोंडभर हसायची. घशाखाली पाणी उतरत नव्हतं आणि ही गूळ मागायची. ती गावी गेली, असं आम्ही प्रमिलेला सांगितलं होतं.

तराजू मी वजनं घालून तपासला. अगदी चोख होता.

तुलेच्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या काट्यावर प्रमिलेचं वजन केलं आणि त्या बेताने गुळाची ढेप आणली. खोली पाहुण्यांनी भरली होती. नवं परकर-पोलकं घातलेली प्रमिला पारड्यात शिरली आणि एका कडेला अंग चोरून बसली.

"मधे बस गं," लीला म्हणाली.

"नक्को. इथेच बसते."

मी ढेप दुसऱ्या पारड्यात ठेवली. प्रमिलेचं पारडं जमिनीवरून उचललं गेलं नाही. वर आणखी गुळाचे खडे ठेवले. तरी नाही. मी साखळ्या पाहिल्या, दांडी पाहिली, पारड्याखाली हात घालून चाचपलं. कुठे काही अडकलेलं नव्हतं. लोक कुजबुजायला लागले.

लीलेचा चेहरा पांढराफटक पडला. "देवीला मान्य नाही," ती माझ्या कानाशी म्हणाली. "पोर अजून सुटली नाही हो."

"कायकू घाबरता लीलाबाई?" कुसुमताई म्हणाल्या. "तराजू जुना झालाय, इतकंच."

"तराजू चोख आहे," मी म्हणालो. ही माझी सवय. त्या वेळी गप्प बसायला हवं होतं.

"आई," प्रमिला म्हणाली, "भामा बसलीये ना."

लीला तिच्याजवळ वाकली.

"भामा गावी गेलीये, बाळ."

"नाही. माझा घसा बंद झाला तेव्हा ती माझ्या खाटेवर आली होती. छातीवर हात ठेवून म्हणत होती, आता घे, आता सोड. उजाडेपर्यंत म्हणत होती. तिचा हात लई गार होता."

कुसुमताई माझ्याजवळ आल्या. "प्रभाकरराव," त्या हळूच म्हणाल्या, "हिचा घसा बंद झाला, त्या दिवशी दिवेलागणीलाच मी भामाचे डोळे मिटले होते."

मला वाटलं, लीला पोरीला ओढून पारड्यातून बाहेर काढेल. तिने तसं केलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो, दुसरी ढेप आणा."

मी धावत वाण्याकडे गेलो. आणलेली ढेप माझ्याच हातांनी पारड्यात ठेवली.

दांडी सरळ झाली.

लीलेने पारड्यातल्या मोकळ्या जागेला हात जोडले. "तुझीही तुला झाली गं, पोरी. माझं लेकरू तू राखलंस."

मीही हात जोडले. आतून जोडले.

प्रमिला उतरली. पारडं थोडं वर आलं आणि तिथेच थांबलं.

तिने मागे वळून हात पुढे केला, कुणाला उतरवून घ्यावं तसा.

मग ते पूर्ण वर गेलं.

त्या दिवशी पाहुण्यांनी न मागता थैल्या मोकळ्या केल्या. पहिली ढेप दवाखान्याला दिली. दुसरी सत्यवतीकडे पोचवायची, असं लीलेने ठरवलं. ती फडक्यात बांधायला मी उचलली, तेव्हा कोपरा बोटांना ओला लागला. ढेप मी उजेडात नेली.

कुणीतरी गूळ चावला होता. घास लहान तोंडाचा होता. दोन्ही बाजूंना दातांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या, आणि मधे दोन दातांपुरता गूळ तसाच राहिला होता.