टेकाडवाडीचे न नोंदलेले धक्के

“मॅडम, सकाळी पुन्हा जमीन हादरली. आणि यंत्रात काहीच नाही!”

फोनवर रंगनाथ जवळजवळ रडत होते. पाथर्डीजवळच्या टेकाडवाडीतल्या भूकंपमापन केंद्राचे ते प्रमुख. यंत्र भूकंपशास्त्रज्ञ वृषालीनेच बसवलं होतं. किल्लारीच्या भूकंपाला पाचच वर्षं झाली होती.

दुपारी ती वाडीत पोचली, तर सगळं गाव घराबाहेर. अंथरुणं अंगणात, चुली अंगणात. केंद्राशेजारच्या एकाच घराच्या कौलांतून धूर निघत होता.

म्हाताऱ्या आक्काबाईंनी तिचा हात धरला. “बाई, सुनेला नववा म्हैना हाय. दगडखानवाल्या शेठनं खाली न्यायला फुकाट ट्रक धाडल्यात. वाडी सोडायची का न्हाई, तेवढं सांगा.”

ते तिलाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

केंद्रात रंगनाथ तिची वाट पाहत होते, ऑपरेटर मच्छिंद्र यंत्रासमोर बसला होता. पडद्यावर रेघ नीट वळवळत होती.

“नोंद का थांबली?”

“डिस्क भरली आसंल.”

तिने तपासलं. नऊ गीगाबाईटची डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी होती. नोंदीची फाइल मात्र एकच, बरोबर दोन गीगाबाईटची.

“रोज नवी फाइल उघडायची आज्ञा संगणकातून कोणी काढून टाकली?”

“मला काय म्हाईत? केंद्राची किल्ली साहेबांकडं आसती. मी हितंच शेजारी ऱ्हातो, पन किल्ली न्हाई.”

“मी काढून टाकीन?” रंगनाथ उसळले. “मी भीतीने जीपमध्ये झोपतोय!”

तेवढ्यात जमीन हादरली. खिडक्या खडखडल्या. रंगनाथ धूम बाहेर पळाले. वृषाली टेबलाखाली शिरली. मच्छिंद्र खुर्चीतून हललासुद्धा नाही.

रंगनाथ परत आले, तेव्हा ती बोलू लागली.

“या संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर एक फाइल दोन गीगाबाईटच्या पुढे वाढत नाही, डिस्क कितीही रिकामी असो. म्हणून रोजची फाइल वेगळी. हे मी तुम्हा दोघांनाच शिकवलं होतं. ती आज्ञा काढून टाकली की एकच फाइल फुगते आणि नोंद गुपचूप थांबते. रेघ मात्र हलत राहते. मग खाणवाल्यांनी डोंगरामागे सुरुंग उडवले तरी पुरावा नाही. नोंद असती, तर हे सुरुंग आहेत हे मी लगेच ओळखलं असतं.”

“त्ये साहेबबी करू शकत्यात.”

“साहेब आत्ता जीव घेऊन पळाले. तुम्ही बसून राहिलात. सगळ्या वाडीच्या चुली बाहेर, आणि तुमच्या घरात आत स्वयंपाक चाललाय. घर पडणार नाही, हे घरच्यांना कोणी सांगितलं?”

मच्छिंद्रने खिडकीतून आपल्या घराकडे पाहिलं. “वाडी उठली की डोंगर खानीला मिळनार हुता,” तो पुटपुटला. “शेठ मला मुकादम करनार हुते.”

आक्काबाई दारात येऊन ऐकत होत्या. वृषाली वळली. “आजी, भूकंप नाही. ट्रक परत पाठवा.”

आक्काबाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

“मच्छिंद्रा, काल भ्यानं सुनंच्या पोटात दुखाया लागलं, तवा तूच तिला पानी पाजलंस. तवाबी तुला ठावं हुतं?”



“व्हय,” मच्छिंद्र म्हणाला.