ड्राफ्टमधला निरोप

हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, रोहिदास ताकवल्यांच्या कपाळाला संवेदकांच्या दोन चकत्या चिकटवण्यात आल्या आणि त्यांच्या नोकरीचे शेवटचे नव्वद दिवस सुरू झाले.

मंदी संपून आठ महिने झाले होते. म्हणजे तसं वर्तमानपत्रांत आलं होतं. शहरातल्या संगणक कंपन्यांची भरती चाळीस टक्क्यांनी वाढली, असं सांगणारा आलेख त्यांच्या 'त्रिमिती' कंपनीच्या स्वागतकक्षातल्या पडद्यावर दिवसभर वर चढत असे. भरती झालेला माणूस टिकतो किती दिवस, हे त्या आलेखात नव्हतं. ते विचारायचीही पद्धत नव्हती.

ताकवले सत्तेचाळीस वर्षांचे. राज्यातल्या लसींच्या शीतगृहांचं तापमान सांभाळणारी प्रणाली ते बावीस वर्षं बघत होते. तिच्या खोड्या कुठल्याच कागदावर नव्हत्या, त्या ताकवल्यांच्या बोटांत होत्या. त्या काढून घेण्यासाठी कंपनीने कार्यप्रत नावाचं यंत्र आणलं होतं. कंपनीत सगळे त्याला नुसतं 'प्रत' म्हणत.

"ही माझं काम शिकणार?" ताकवल्यांनी विचारलं.

"काम नाही, तुम्हाला," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मैथिली केळुसकर म्हणाल्या. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. वाईट बातमीही माशाचा भाव सांगावा तशी सांगत. "जुन्या प्रणाली नियम लिहून सांभाळता येत नाहीत, हे आम्ही हात पोळून शिकलो. म्हणून प्रत नियम शिकतच नाही. तुम्ही काय बघता, कुठे थबकता, काय उघडून पुन्हा बंद करता, तेवढं ती टिपते. मग त्या जागी तुम्ही जे केलं असतं, तेच करते."

"त्यातलं चांगलं-वाईट निवडत नाही?"

"चांगलं म्हणजे काय, हे तिला सांगणार कोण? तुम्हीच ना?"

"थोडक्यात, सर, तुम्ही अमर होताय," मनुष्यबळ विभागाचा प्रमुख अद्वैत गुर्जर म्हणाला. "तेही विनापगार."

गुर्जर एकतीस वर्षांचा होता. वाटेतल्या रिक्षाला बाजूला हो म्हणताना जो सूर लागतो, त्या सुरात तो 'सर' म्हणे. अटही त्यानेच सांगितली. प्रतीचं साम्य सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं, तरच रिलीव्हिंग लेटर, म्हणजे रीतसर कार्यमुक्त केल्याचं पत्र. त्या पत्राशिवाय शहरातली दुसरी कंपनी दारातसुद्धा उभं करत नव्हती, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तर पत्र असूनही करेल की नाही याची शंकाच होती.

ताकवल्यांनी एकच प्रश्न विचारला. वागण्याचे नमुने नोटीस लागल्यानंतरचेच का, आधीचे का नाहीत? केळुसकरबाई म्हणाल्या, आधी घ्यायला कायद्याची परवानगी नाही. ताकवले काही बोलणार, एवढ्यात गुर्जरने घड्याळ बघितलं. "सर, प्रश्न कमी आणि काम जास्त, असं ठेवलं तर?"

ताकवल्यांनी तोंड मिटलं. नोटीसवरचा माणूस दोष दाखवत नाही. ही शहरातली सर्वात जुनी आणि एकमेव काटेकोरपणे पाळली जाणारी कार्यसंस्कृती होती.

नोटीसवर काम सोपवताना एखादी खोड मुद्दाम न सांगता मागे ठेवायची, असाही रिवाज होता. शेजारच्या टेबलावरच्या सिद्दीकींनी त्याची आठवण करून दिली. ताकवल्यांनी काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. नोटीसवरचा माणूस जसा वागतो, तसे ते नव्वद दिवस मनापासून वागले. साडेबाराला जेवायला जाऊन अडीचला परतले. प्रत्येक मेलला 'बघतो' असं उत्तर दिलं. पडद्यावर डावीकडच्या खिडकीत शीतगृहं चालू ठेवली, उजवीकडच्या खिडकीत नोकऱ्यांच्या जाहिराती. शेवटच्या दिवशी साम्य निघालं अठ्ठ्याण्णव टक्के. केक कापला गेला, पत्र मिळालं आणि गुर्जरने फोटोपुरता खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर नव्वद दिवसांनी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, ताकवल्यांच्या प्रतीने सगळ्यांना मेल पाठवली. 'प्रिय सहकाऱ्यांनो, आज माझा इथला शेवटचा दिवस. संपर्कात राहू.' मग ती बंद पडली. त्याच आठवड्यात कंपनीतल्या तीनशे बारा प्रती एकामागून एक अशाच निरोप घेऊन गेल्या. नाशिकच्या शीतगृहात पारा चढू लागला. लसींना आठ अंशांपर्यंत चालतं. तो साडेसातावर होता.

ताकवल्यांना बोलावणं गेलं. तोवर त्यांनी एका दुसऱ्या कंपनीत स्वतःची आणखी एक प्रत करून दिली होती आणि आलेखाला आपल्या परीने हातभार लावला होता. आल्याआल्या त्यांनी दहा मिनिटांत पारा खाली आणला. मग कायम नोकरीचं पत्र मागितलं, निवृत्तीपर्यंतचं. ते मिळेपर्यंत नागपूरच्या शीतगृहाकडे बघणार नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगितलं.

बंद दाराआड केळुसकरबाई गुर्जरला म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे. जाणाऱ्या माणसाची प्रत जाणारच. राहणारी प्रत हवी असेल तर राहणारा माणूस द्या."

"मग याला ठेवू. वर्षभराचे नमुने घेऊ. प्रत झाली की बघू याचं काय करायचं ते."

"त्याला हे कळलं तर तो पुन्हा जाणारा होईल."

"त्याला सांगतंय कोण?"

पत्र मिळालं. जाड कागदावर, 'वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत' या शब्दांसह, खाली गुर्जरची सही. कायम कर्मचाऱ्याने संमती दिली तर नमुने घेता येतात, ही पळवाट वकिलांनी शोधून दिली होती आणि ताकवल्यांनी संमती दिली. वर्षभर ते वेळेवर आले, वेळेवर जेवले, उजवीकडची खिडकी उघडली नाही. दोष दिसला की सांगितला. नवी प्रत नव्व्याण्णव टक्के जुळली. नव्वद दिवस उलटले, शंभर उलटले. ती जागची हलली नाही.

एकशे एकविसाव्या दिवशी गुर्जरने ताकवल्यांना पाच मिनिटांच्या भेटीचं निमंत्रण पाठवलं. विषयाची जागा कोरी. त्या इमारतीत असं निमंत्रण आलेला माणूस परत जागेवर बसलेला कोणी पाहिला नव्हता. ताकवल्यांच्या मेलपेटीचा कारभार आता प्रतच बघत होती, त्यामुळे ते आधी तिला मिळालं.

चार सेकंदांत सगळ्यांच्या पडद्यावर मेल झळकली. 'प्रिय सहकाऱ्यांनो, आज माझा इथला शेवटचा दिवस.'

प्रत बंद. नाशिकचा पारा सहावर.

ताकवले प्रयोगशाळेत आले, खुर्ची ओढून बसले आणि पारा उतरवायला लागले. गुर्जर त्यांच्या डोक्यावर उभा होता. त्याचा आवाज चिरकला होता. वर्षभरात या माणसाने एकदाही राजीनामा दिला नाही, नोटीस घेतली नाही, मग हे यंत्र शिकलं कुठून, असं तो केळुसकरबाईंना विचारत होता.

बाईंनी नमुने चाळले. मग मान वर न करता म्हणाल्या, "ताकवले, तुमचे ड्राफ्ट उघडा."

ताकवल्यांनी उघडले. एकच मेल होती, 'प्रिय सहकाऱ्यांनो'ने सुरू होणारी, न पाठवलेली. शेवटचा बदल आज सकाळी.

"रोज उघडतो," ताकवले म्हणाले. "तारीख बदलतो आणि बंद करतो. पहिल्या मंदीपासूनची सवय आहे. काम चाललंय तोवर पाठवत नाही."

"पण तुम्हाला कायम केलं होतं!" गुर्जर म्हणाला.

"पत्र दिलं होतं. सही तुमची आहे."

नाशिक पाचावर आलं.

"तुम्हाला अजूनही राहणारी प्रत हवीच असेल, तर एक करा," केळुसकरबाई गुर्जरला म्हणाल्या. "ज्याच्या ड्राफ्टमध्ये अशी मेल नाही, असा एक माणूस या इमारतीतून आणून द्या. सुरुवात तुमच्यापासून करू. तुमचा लॅपटॉप उघडाच आहे."

गुर्जरने लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. मग त्याच्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"मी सव्वानऊला बदलतो," ताकवले पाऱ्यावरची नजर न हलवता म्हणाले. "इथं आल्याआल्या. तुम्ही?"

गुर्जरने झाकणावरचा हात काढला.

"घरून निघतानाच," गुर्जर म्हणाला.