झाडलेली वाट

“तीन बाटल्या पाणी, गूळ, कांदे... आणि हा खराटा!” प्राजक्तानं पिशवी पाठीला आवळली.

“डोंगर चढायले खराटा कायले गं?” खुशीनं मैत्रिणीला विचारलं.

“आबाजीचं काम आता कोण करन मग?”

प्राजक्ताचा मामेभाऊ अंकुर काहीतरी चावट बोलणार होता. त्याऐवजी त्यानं खराटा आपल्या खांद्यावर घेतला.

चिखलदऱ्याखालच्या त्या डोंगरावर मे महिन्यात असं तापतं, की सरडासुद्धा पाय पाळीपाळीनं टेकवतो. दोन सकाळी भाजून घेतो, दोन दुपारी! सागाची पानं गळून वाट पार बुजते. म्हणून प्राजक्ताचे आजोबा भगवंतराव, म्हणजेच आबाजी, उन्हाळाभर ती झाडत. झाडलेली ती खरी वाट, पानांखालची ती चुकीची; हे पंचक्रोशीला पाठ. “काल वाघोबा मले वाट पुसून गेला!” असं ते ठोकून देत आणि पोरं लोळून हसत.

पंधरा दिवसांपूर्वी तेच आबाजी घळीच्या तळाशी सापडले. ऊन लागून गेले होते. “म्हातारा वाट इसरला,” गाव म्हणालं. आजी मैनाबाईच्या घशाखाली तेव्हापासून घास उतरत नव्हता. “चाळीस वर्षं झाडलेली वाट इसरन कसा?” एवढंच ती विचारी.

घळीची वाट फुटते त्या फाट्यावर पोचताच अंकुर ओरडला, “अबे, दोन्ही वाटा झाडलेल्या!”

“घळीची आबाजीनं नाही झाडली. ते पानं एकाच अंगाले लोटत. इथं दोन्हीकडं उधळली आहेत!” प्राजक्ता म्हणाली.

“अन् हे पाहा!” खुशीनं झुडपाला बांधलेली नारंगी फीत दाखवली. वरच्या पठारावर भरलेल्या मुलांच्या शिबिराची.

तिघं घळीत उतरली. उतरताना काहीच दिसलं नाही. पण खुशीनं सहज मागे वळून पाहिलं आणि किंचाळली. दगडादगडाच्या खालच्या अंगाला पांढरे ठसे होते. अंगठ्याचे!

“चुना! आबाजीच्या तंबाखूचा!” प्राजक्ताचा आवाज चिरकला.

“म्हणजे खालून वर येणाऱ्यालेच दिसन असे,” अंकुर पुटपुटला. “त्यायले वाट माहीत होती, प्राजू! त्यांनी दुसऱ्या कोणाले तरी दाखवली.”

ठसे फिके होत गेले. शेवटच्या दगडाखाली चुन्याची डबी होती. आतून नखानं खरवडलेली, कोरडी ठाक.

शिबिराच्या तंबूंजवळ ठरल्याप्रमाणे अंकुर झाडामागे लपला. दोघी धापा टाकत प्रमुखांकडे, ओमप्रकाश सरांकडे धावल्या.

“सर! आमचा भाऊ घळीत हरवला! वाट सापडून नाही राहिली त्याले!”

“घाबरू नका! चुन्याचे ठसे बघत वर ये म्हणावं—”

“चुन्याचं तर आम्ही बोललोच नाही, सर!” प्राजक्ता म्हणाली.

झाडामागून अंकुर बाहेर आला. सरांना मग सगळं सांगावंच लागलं.

शर्यतीसाठी घळ त्यांनीच पोरांकडून झाडून घेतली होती. दुसऱ्या दिवशी दोन मुलं ती खरी वाट समजून उतरली. आबाजी हाका मारत त्यांच्यामागे गेले. त्यांना आपलं पाणी दिलं. “ठसे पाहत चढा, मी येतोच बसत बसत,” म्हणाले. मुलं पोचली. शिबिर बंद पडेल म्हणून सरांनी त्यांची तोंडं बंद केली. आणि म्हाताऱ्याला शोधायला कोणीच उतरलं नाही.

संध्याकाळी सरांनी मैनाबाईच्या अंगणात, सगळ्या गावासमोर, मान खाली घालून हे सांगितलं.

“शाब्बास, पोट्टेहो!” सरपंच म्हणाले. जो तो पाठ थोपटू लागला. प्राजक्ताला ते हात नकोसे झाले. तिला एकच शाब्बासकी हवी होती, आबाजीची.

मैनाबाईनं डबी उघडली. आत अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही.

“इसरला नव्हता ना तो?”

“नाही, आजी.”

“ठसे आहेत अजून?”

“आहेत. पाऊस पडेपर्यंत राहतील.”

जन्मभर मृगाची वाट पाहिलेल्या मैनाबाईनं आभाळाकडं पाहिलं.

“औंदा उशिरा ये रे बाप्पा,” ती म्हणाली.