रावतगडची पहाटेची सलामी

रावतगडावर अजून पुरते उजाडले नव्हते. पूर्वेच्या डोंगररांगेवर तांबूस पट्टा उमटत होता, नदीवरचे धुके कडा चढून तटातल्या बंदुकीच्या जंग्यांत शिरत होते, आणि त्या धुक्यापलीकडे, तोफेच्या टप्प्याबाहेर, इंग्रजांच्या छावणीतल्या शेकोट्या एकेक करून विझत होत्या. गडाला वेढा पडून सारा पावसाळा उलटला होता. पण गडावरच्या माणसांना वेढ्याची जेवढी धास्ती होती, त्याहून अधिक धास्ती एकमेकांची होती.

त्याला कारण होते. गडाचे धनी मानाजीराव यांनी हयातीत मोठ्या हौसेने दोन कवायती पलटणी उभारल्या. एक मुसा रेनार नावाच्या फरासिसाने, म्हणजे फ्रेंच माणसाने, घडवली, तिला सारे हुकूम फरासिसी बोलीत. दुसरी कप्तान कार्वर या इंग्रजाने घडवली, तिला हुकूम इंग्रजीत. शिपाई दोन्हींकडे आपलेच, मावळातले नि घाटाखालचे, घरी एकच भाषा बोलणारे. पण वर्षानुवर्षे त्या परक्या शब्दांवर पावले टाकून ते शब्द त्यांच्या अंगात इतके भिनले की एका पलटणीचा शिपाई दुसरीच्या शिपायाच्या पंगतीला बसेना. दरबारातही दोन तट पडले. रावसाहेब निवर्तले, कारभार त्यांच्या पत्नी सगुणाबाईसाहेबांच्या हाती आला, दाराशी इंग्रजी फौज येऊन ठेपली. मग तर इंग्रजी हुकूम कानी पडला की माणसे थुंकू लागली.

फरासिसी पलटणीचा सुभेदार सटवाजी ढमाले हा त्या सर्वांत कडवा. गेल्या शिमग्यात तळ्यावर पाणी भरताना दोन पलटणींत जुंपली आणि त्याचा धाकटा भाऊ धारोजी इंग्रजी पलटणीचा जमादार रखमाजी कोंढाळकर याच्या हातून पडला. भावाचे प्रेत खांद्यावर घेऊन आला तेव्हाच सटवाजीने शपथ वाहिली की त्या पलटणीचा एक शब्दही जिभेवर येऊ द्यायचा नाही.

आदल्या दिवशी सदरेवर मुसा रेनारने हात जोडून अर्ज केला होता, "बाईसाहेब, कार्वरची जात बाहेर, कार्वरची बोली बाहेर. तो आत कुणासाठी बसला आहे? एका गडावर दोन हुकूम चालत नाहीत."

"कप्तानाने बारा वर्षे आमचे मीठ खाल्ले आहे," बाईसाहेब म्हणाल्या; पण त्यांचा स्वर डळमळीत होता. दरबारातून एकच गिल्ला उठला. सटवाजी तर पुढे येऊन मुजरा करून म्हणाला, "आईसाहेब, माझ्या भावाच्या रक्ताची आण आहे. गडावर एकच बोली राहू द्या."

निवाडा झाला. कार्वरला पहाटे बंदुकीने मारावे. गडावर यापुढे एकच हुकूम, फरासिसी. रखमाजी जमादाराने तो हुकूम उचलायला साफ नकार दिला आणि हत्यारेही ठेवली नाहीत. तेव्हा त्याची पलटण अंबरखान्याच्या आवारात कोंडून बाहेरून अडसर घातला गेला. मुसा हसून म्हणाला, "बसू दे कोंडलेले. उद्या आमची सलामी ऐकून शहाणे होतील."

ही सलामी म्हणजे फरासिसी पलटणीची जुनी रीत. रात्रीच्या दवाने बंदुकीत ठासलेली दारू सर्दावते, म्हणून पहाटे पहारा बदलताना सारी पलटण एकदम हवेत बार काढी आणि मग नव्याने ठाशी. ऐकायला झोकदार, गडावरच्या पोरांना तर तो सणच वाटे. कार्वरची पलटण मात्र मळसूत्री गज घालून एकेका बंदुकीतली दारू काढी, निम्म्या बंदुका ठासलेल्या ठेवून. त्या चेंगटपणाची फरासिसी पलटण खूप टिंगल करी.

कार्वरला न्यायला सटवाजीच गेला. कोठडीत तो बूट चढवून तयार बसला होता. मोडक्या मराठीत म्हणाला, "सुभेदार, मला मार. पण बाईसाहेबांना एक सांग. आज सगळ्या बंदुका एकदम रिकाम्या करू नका. महादरवाजाखालच्या नाल्यातली पाखरं दोन दिवस झाले, खाली बसत नाहीत. नाल्यात माणसं आहेत."

"तुझीच माणसं," सटवाजी म्हणाला.

"हो. म्हणून तर मला कळतं."

बाईसाहेबांचा वाडा वाटेतच होता. सटवाजी दारासमोरून गेला, क्षणभर थबकला, आणि धारोजीचा फुटलेला माथा आठवून पुढे निघाला. निरोप पोटातच राहिला. तटाखाली कार्वरला उभे केले; त्याने डोळ्यांवर फडके बांधू दिले नाही. सटवाजीने फरासिसी बोलीत हुकूम दिला. बार उडाले, आणि तो उंच माणूस गुडघ्यांवर येऊन कुशीवर कलंडला.

त्याचे अंग अजून हलत होते तोच मुसाने तलवार उंचावली. महादरवाजापासून चोरबुरुजापर्यंत फरासिसी पलटणीने एकदम सलामी झाडली. डोंगर दणाणले. नवे तोटे, म्हणजे काडतुसे, सलामीनंतर वाटायचे, असे मुसाने त्या दिवसापुरते फर्मावले होते. दारूकोठाराची किल्ली त्याच्याच कमरेला होती. सटवाजीला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

धूर विरला आणि नाल्यातून इंग्रजांचे लाल डगले उठले.

तटावर ठासलेली बंदूक एकही नव्हती. सटवाजीने धावत बुरुजावरून खाली पाहिले, तर मुसा रेनार स्वतः महादरवाजातल्या दिंडीचा, त्या छोट्या दाराचा, अडसर ओढत होता. "मुसा!" सटवाजी ओरडला. मुसाने वर पाहिले, दिंडी उघडली, आणि गोऱ्यांची पहिली फळी संगिनी रोखून आत घुसली. दारावरचे शिपाई रिकाम्या बंदुकांच्या दस्त्यांनी लढू लागले. कुणाचे पोट फाटले, कुणाचा हात मनगटातून गेला. दगडी फरसबंदीवर रक्ताने पाय घसरत होते आणि पडलेला परत उठत नव्हता.

सटवाजी अंबरखान्याकडे धावला. पहारेकरी पळाले होते. त्याने एकट्याने अडसर उपसून फेकला. आत रखमाजीची पलटण बंदुका छातीशी धरून उभी होती, ठासलेल्या.

"जमादार," सटवाजी धापा टाकत म्हणाला, "तुमच्या कप्तानाला मी मारला. तो खरा निघाला, नि दगा आमच्या मुसानं केला, इंग्रजांना फितूर होऊन. कप्तानाचा निरोप मी गिळला. ही मान तुमची. पण आधी दरवाजा राखा!"

रखमाजीच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले. "शब्द देतोस?"

"धारोजीची शपथ."

पलटण धावतच महादरवाजापाशी आली आणि ओळ धरून उभी राहिली. पण समोर गोरे आणि फरासिसी पलटणीचे शिपाई एकमेकांत असे मिसळले होते की गोळी कुणाला लागेल ते सांगता येईना. रखमाजीने हुकूम द्यायला तोंड उघडले नि मिटले. "तुझीच माणसं मरतील रं," तो पुटपुटला.

तेव्हा सटवाजी ओळीच्या बाजूने पुढे सरला. फरासिसी कवायतीत एक हुकूम असा होता, जो इंग्रजी कवायतीत कुणी कधी शिकवला नव्हता. छातीचा भाता करून तो गर्जला, "आ तेर!" वर्षानुवर्षांच्या सवयीने, विचार न करता, त्याच्या पलटणीचे सारे शिपाई जागच्या जागी जमिनीवर पडले. लाल डगले तेवढे उभे राहिले, गोंधळून. आणि दुसऱ्याच श्वासाला, जी बोली जिभेवर न आणण्याची आण घेतली होती, तीच त्याच्या तोंडून निघाली: "फायर!"

सारी ओळ कडाडली. दिंडीतली फळी गवत कापावे तशी आडवी झाली. मागचे पुढच्यांवर अडखळले, दुसरा बार त्यांच्या तोंडावर झाला, आणि जे उरले ते प्रेते तुडवीत नाल्याकडे पळत सुटले. मुसा रेनारही जमिनीवर पालथा पडला होता. आपणच शिकवलेला हुकूम त्याला पुरता ठाऊक होता. शेजारी पडलेल्या त्याच्याच एका शिपायाने त्याला ओळखले आणि संगीन मानेतून आरपार घातली. मग दिंडी लावून घेतली गेली.

दुपारी बाईसाहेब स्वतः दरवाजावर आल्या. हकिकत ऐकून त्यांचे डोळे भरले. "सुभेदार, गड तुम्ही राखला. निवाडा आमचा होता, पाप आमचे आहे. तुम्हांला माफी आहे."

"आईसाहेब, माफी आपली. शब्द माझा आहे," सटवाजी म्हणाला. मुजरा करून तो तळ्याच्या काठी गेला, जिथे धारोजी पडला होता, आणि पागोटे काढून गुडघे टेकून बसला.

दोन्ही पलटणी भोवती उभ्या राहिल्या. रखमाजी तलवार घेऊन आला. तो रडत होता, आणि ते लपवतही नव्हता. "तुझ्या भावाला मी मारलं," तो म्हणाला. "माझ्यावर तुझं रक्त आहे, तुझ्यावर माझ्या कप्तानाचं. मी सोडलं तर पलटण मला सोडायची न्हाई, आन् ह्या दोन पलटणी पुन्हा एकमेकींना खातील. काही सांगायचंय?"

सटवाजीने मान खाली घातली. "उद्या पहाटे सगळे बार एकदम काढू नका. निम्मे ठासलेले ठेवा. कप्तानानं सांगितलंय."

वार एकच बसला.

त्या रात्री सटवाजी आणि कार्वर यांना तळ्याच्या काठी शेजारी शेजारी ठेवले, एकाला चितेवर, एकाला मातीत. दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या नाल्यात इंग्रज पुन्हा दबा धरून सलामीची वाट पाहत बसले होते. उन्हे वर आली तरी गडावर बार झाला नाही. तटावर दोन्ही पलटणींचे शिपाई शेजारी शेजारी होते; निम्मे बसून गजाने दारू काढत होते आणि निम्मे ठासलेल्या बंदुका रोखून उभे होते.