दोन गुण कमी

मी शाळेतून परत आले तेव्हा आमच्या ओट्यावर एक अनोळखी तरुण कागद घेऊन बसला होता आणि माझे बाबा त्याच्यासमोर मान खाली घालून बसले होते.

१९८४ चा डिसेंबर होता. नागपुरात गोळीबार चौकामागच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत तेव्हा मोजकेच माग उरले होते. आमचा दोन वर्षांपूर्वी बंद पडला. आई त्याआधीच गेली होती. मी सकाळपाळीला शिकवायला जायची आणि घरी एकटे राहणाऱ्या बाबांना सोबत म्हणून रेडिओ लावून ठेवायची.

"काका, हे साल कोणतं?" तरुणाने हळूच विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर न येणारी मुलं बघतात तसं.

"काय चालून राहिलं हे?" मी पिशवी खाली ठेवली.

तो गडबडून उभा राहिला. नाव श्रावण, गाव खापा, मानसशास्त्राचा विद्यार्थी. रेडिओ ऐकणाऱ्या, टीव्ही बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती जास्त टिकते का, याची पाहणी करत होता. तीस गुणांची चाचणी होती.

"अन् माह्या बाबाले किती?"

"सांगायचं नसते..."

"सांगा."

"सोळा."

"झालं न तुमचं? निघा आता."

चपला घालता घालता तो थांबला. "रेडिओ दिवसभर सुरू राहते म्हणाले ते. पण त्यांच्याशी बोलते कोण?"

मला त्याचा राग आला. आणि तो गेल्यावर जास्तच आला. शाळा, पाणी, स्वयंपाक... 'जेवले का' आणि 'औषध घेतलं का' याखेरीज मी बाबांशी काहीच बोलत नव्हते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा दारात. या वेळी हातात कागद नव्हते.

"आज काय विसरलं?"

"माफी मागायची राहिली होती."

"मागा मग."

"इथूनच? ऊन लागून राहिलं."

डिसेंबरचं ऊन कोणाला लागतं? मी हसू दाबलं आणि दारातून बाजूला झाले.

मग तो येतच राहिला. बातम्या संपल्या की रेडिओ बंद करायचा. "काका, काय म्हणाले आज? माह्यं लक्ष नव्हतं." बाबा आठवून आठवून, अडखळत सांगायचे. एकदा त्यांनी बाजारभाव आणि राजकारण एकत्र केलं आणि दिल्लीत संत्र्यांचा मंत्री बदलल्याची बातमी दिली.

श्रावणने गंभीरपणे विचारलं, "नवा कसा आहे?"

"आंबट," बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

कितीतरी दिवसांनी मी ते हसणं ऐकत होते. श्रावणने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने नजर वळवली, तोवर चहा उतू गेला होता.

रविवारच्या जोडीला बुधवारही आला. बाबा हवेत बोटं फिरवून त्याला करवतकाठी साडीचा काठ विणायला शिकवू लागले. बुधवारी मी निळी साडी नेसते, हे शेजारच्या मैनाबाईंनी माझ्याआधी ओळखलं.

जूनच्या सुरुवातीला, उन्हाने गल्ली ओस पडलेली असताना, तो पुन्हा ते कागद घेऊन आला. सहा महिन्यांनी दुसरी चाचणी घ्यायची होती. मी आतून कान देऊन ऐकत होते. बाबांचे गुण वाढणार याची मला खात्री होती. प्रश्न संपले, बाबा तोंड धुवायला मोरीवर गेले आणि मी बाहेर आले.

"चौदा," तो म्हणाला.

"चुकलं असंल."

"दोनदा पाहिलं."

"मग सोळा लिहा न. कोणाचं काय जाते?"

"खोटं नाही लिहिणार, प्रेमिला."

पहिल्यांदाच नुसतं नाव... पण मी चिडले होते. "सहा महिने येऊन राहिले तुम्ही. बाबा इतकं बोलले, हसले. अन् दोन गुण कमी? मग येत काहून होते?"

"आधी चुकलो होतो म्हणून. मग त्यांच्यासाठी. अन्..." तो कागदाची घडी करत राहिला. "बुधवारी तर तुमच्याचसाठी. ते बरे होणार नाहीत, प्रेमिला. बोलण्यानं थोडे हळू विसरतील की तेही नाही, मले माहीत नाही. पण ते हसले, हे लिहाले या कागदावर जागाच नाही."

डॉक्टर म्हणाले होते, वय झालं. नातेवाईक म्हणत, होईल बरं. मला खरं सांगणारा हा पहिलाच. राग उतरला तसे माझे डोळे भरून आले.

"मी हे घर सोडून कुठं जाऊ शकत नाही," मी म्हणाले. त्याने काही विचारलंही नव्हतं.

"जा म्हटलं कोणी?"

"खाप्याचे लोक काय म्हणतील? बायकोच्या घरी राहते..."

"बायकोच्या?"

माझे कान तापले. तेवढ्यात तोंड पुसत बाबा बाहेर आले. त्यांनी श्रावणकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हा कोण वं?"

श्रावणचा चेहरा पडला. बाबा त्याला पहिल्यांदाच विसरले होते. मी उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"हा श्रावण आहे, बाबा. मी याच्याशी लग्न करणार आहे."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्याले विचारलं का?"

"नाही."

"मग विचार न आधी. भला दिसते पोरगा."

मी वळले. श्रावण डोळे पुसत होता की हसत होता, कळेना.

"विचारू?"

"विचार," तो म्हणाला. "पण मोठ्यानं विचार. काकालेही ऐकू येऊ दे."

मी मोठ्याने विचारलं. बाबा भिंतीला टेकून बसले आणि आम्हा दोघांकडे आलटून पालटून पाहत उत्तराची वाट बघू लागले.